हात लावला की हो म्हणा

"डोळे मिटा काका, आणि मी हात लावला की 'हो' म्हणा," सर्जन म्हणाला. मी डोळे मिटले. तपासणीच्या उंच टेबलावर उघड्या अंगानं बसलेला सत्तर वर्षांचा माणूस, पाय लोंबतायत, पायांत मोजे तसेच. सर्जननं माझ्या मनगटाला कापसाचा बोळा टेकवला, मी हो म्हणालो. कोपराच्या आतल्या बाजूला टेकवला, हो. गळ्याखालच्या हाडाला, हो, आणि गार लागतोय असंही वर सांगितलं. मग बराच वेळ काही नाही. पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. छत्तीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली आणि छत्तीस वर्षं पोरांना बजावत आलो, की पेपर कोरा सोडू नका, काहीतरी लिहा. ती खोड अंगात मुरलेली. मी म्हणालो, "हो." "आत्ता?" "आत्ताच. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला. अगदी हलका." तो म्हणाला, "काका, आत्ता मी हात लावलाच नव्हता. त्याच्या आधी पाच वेळा लावला, एकदा सुई टोचली, तेव्हा तुम्ही गप्प होतात." मी डोळे उघडले. उजव्या खांद्यावर मोहरीएवढा लाल थेंब आला होता. माझंच रक्त, माझ्याच खांद्यावर, आणि मला पत्ता नाही. समोरच्या खुर्चीत बायको मांडीवर पर्स घट्ट धरून बसली होती. ती त्या थेंबाकडे बघत होती.

जिथे मला काही कळत नव्हतं त्या जागेभोवती सर्जननं बॉलपेननं रेघ ओढली. त्याच्या मते ते वर्तुळ होतं. वर्तुळ कसलं, बटाटा होता तो. एवढ्या अवघड जागी बसूनही माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं, याची आता लाज वाटते. पण माणसाचा स्वभाव जात नाही. शाळेत मला पोरं 'गोलसर' म्हणायची, अर्थात पाठीमागे. मी फळ्यावर परकार न घेता वर्तुळ काढायचो. फळ्याकडे तोंड करून उभं राहायचं, कोपर ताठ ठेवायचं, मनगट विसरायचं आणि सगळा हात खांद्यापासून एकदाच फिरवायचा. खडू निघाला त्याच जागी परत येऊन भेटायचा. दरवर्षी कुणीतरी आगाऊ पोरगा दोरी घेऊन ते मोजायला पुढे यायचा आणि मान खाली घालून जागेवर जायचा. सगळी मदार खांद्यावर. तो जागचा हलला नाही तरच वर्तुळ होतं, एरवी नुसता बटाटा. त्या खांद्यावरचा गोल स्नायू आता वाळून बसला होता आणि हाडाचं टोक शर्टातून खुंटीसारखं वर आलं होतं. गोलसरांचा खांदा चौकोनी झाला, असा विनोद मी जाताना रिक्षात केलासुद्धा होता. बायको हसली होती. तिचं हसणं मी त्या दिवशी शेवटचंच ऐकलं, म्हणजे अजून तरी.

"किती वेळा निखळला असेल?" सर्जननं विचारलं. मी म्हणालो, "पाच-सहा वेळा." "एकोणीस," बायको म्हणाली. मी तिच्याकडे बघितलं. ती हे ध्यानात ठेवतेय याची मला कल्पना नव्हती. आम्ही एकमेकांचे वाढदिवस विसरून जमाना झाला होता. "आणि बसवला कुणी प्रत्येक वेळी?" "पहिल्यांदा तुमच्यासारख्याच एका डॉक्टरांनी. पुढच्या अठरा वेळा मी." हे तिनं पाठ ताठ करून सांगितलं. ती तीस वर्षं एका मोठ्या हॉटेलात चादरी-टॉवेलांचा विभाग सांभाळायची. तिथे साहेबानं एखाद्या नेटक्या घडीवर हात ठेवून 'ही कुणी घातली' म्हणून विचारलं, तर ती अशीच पाठ ताठ करत असणार. सर्जननं पेन खाली ठेवलं. "घरी? एक्स-रे न काढता?" "छान बसायचा हो. टक् करून." मग तो सावकाश, आवाज न चढवता बोलत राहिला, आणि न चढवलेला आवाज जास्त लागतो हे मी मास्तर असल्यामुळे मला माहीत आहे. हाडाचा गोळा प्रत्येक वेळी बाहेर येताना खांद्याच्या वाटीची कड झिजवतो. तरुण माणसात नुसतं शिवून भागतं, या वयात सांध्यावरचे स्नायूंचे पट्टे फाटलेले असतात, धरून ठेवायला काही उरत नाही. आणि खांद्याच्या स्नायूला जाणारी नस नेमकी त्या गोळ्याला वळसा घालून जाते. निखळताना ती ताणली जाते, ओढून बसवतानाही ताणली जाते. बायकोनं विचारलं, "म्हणजे माझ्या ओढण्यानं?" "तसं नक्की नाही सांगता येत काकू," तो म्हणाला, "पण..." आणि पुढे बोलला नाही. मी त्या वेळी तोंड उघडायला हवं होतं. टेबलावरून खाली उतरायचं, शर्ट घालायचा आणि म्हणायचं, तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे झालं. माझ्याकडे पुरावा होता, तारीखसुद्धा होती. मी शर्टाची बाही शोधत राहिलो.

सहा वर्षांपूर्वी मी जिन्यावरून घसरलो आणि कठडा धरताना खांदा पहिल्यांदा निखळला. इस्पितळात एका धिप्पाड डॉक्टरनं बूट काढला, मला आडवं केलं, माझ्या काखेत टाच रोवली आणि मनगट धरून ओढलं. मी कोकलत होतो. बायको भिंतीशी उभी राहून बघत होती. माझ्याकडे नव्हे, त्याच्या हातांकडे. सहा महिन्यांनी रविवारी सकाळी स्वेटर काढताना तो पुन्हा निघाला. मी 'रिक्षा बोलाव' म्हणेपर्यंत तिनं सतरंजी अंथरली होती. "झोपा खाली." "अगं, वेड लागलंय का?" "झोपा म्हणते ना." ती माझ्या शेजारी जमिनीवर बसली, पायातली चप्पल भिरकावली, टाच काखेत टेकवली आणि दोन्ही हातांनी मनगट धरलं. हिसका दिला नाही. तिच्या हॉटेलात दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून मोठ्या चादरी ताणायच्या. नव्या आलेल्या पोरींना ती पहिली गोष्ट शिकवायची ती हीच, की हिसका दिला की शिवण उसवते, ओढ सारखी ठेवायची आणि समोरचीनं अंग सोडायचं. "सोडा," ती मला म्हणाली, "अंग सोडा. तुम्ही धरून ठेवलंत तर घडी कशी पडणार?" मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ओठ मुडपलेले, कपाळावर घाम, अंबाडा सुटून मानेवर आलेला. आत कुठेतरी टक् झालं आणि दुखणं नळ बंद करावा तसं थांबलं. मग तिनं तळवा खांद्यावर ठेवला. नीट बसलाय की नाही ते बघायला. बोटांनी पुढून, मागून, वरून चाचपलं, आणि तळवा तसाच ठेवून ती बसून राहिली. दहा मिनिटं तरी असेल. तळहात खरबरीत, सोड्यानं आणि गरम पाण्यानं तीस वर्षं भाजलेला. मला रडू आलं. ती समजली की दुखतंय.

आमचं भांडण नव्हतं. हे सांगायला हवं, कारण लोकांना असं काही सांगितलं की ते आधी भांडण शोधतात. भांडण झालं असतं तर मिटलं असतं. मुलगी परदेशी गेली, तिची खोली रिकामी झाली, माझ्या घोरण्यानं बायकोची झोप मोडायची म्हणून ती काही दिवस त्या खोलीत झोपली, आणि ते काही दिवस अकरा वर्षं चालले. सकाळी ती पेपर आधी वाचायची, मग मी. ती 'जेवण वाढलंय' म्हणायची, मी 'आलो' म्हणायचो. मीठ द्यायचं तर टेबलावर सरकवायचं. घरात दोन माणसं एकमेकांना न लागता किती सफाईनं वावरू शकतात, ते आम्हाला येऊन बघावं. अरुंद बोळातून जाताना मी भिंतीकडे तोंड करायचो आणि ती पोट आत घ्यायची. कुणाचा कुणावर राग नाही. आणि या सगळ्यात अधूनमधून, वर्षातून तीनदा-चारदा, मी जमिनीवर आडवा आणि तिची टाच माझ्या काखेत. ज्या दिवशी खांदा निखळायचा त्या दिवशी ती माझ्यावर खेकसायची, उशीच्या अभ्र्याची झोळी करून माझ्या गळ्यात बांधायची, गाठ मारताना तिचा श्वास माझ्या कानाला लागायचा. रात्री दोनदा उठून यायची आणि अंधारात खांदा चाचपून जायची. मी जागा असायचो. श्वास सारखा ठेवायचो.

आता चौदाव्या खेपेचं सांगतो. कपाटावर बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यात बटणं आणि दोरे. मला बटण हवं नव्हतं असं नाही. पण स्टूल समोर होतं आणि मी स्टूल घेतलं नाही. हात वर केला, बाहेरच्या बाजूला वळवला आणि मागे नेला. कोणत्या कोनात तो सुटतो हे मला एव्हाना पाठ झालं होतं. मुद्दाम केलं असं त्या वेळी मी स्वतःला म्हणू दिलं नसतं. दार उघडायचं नाही, नुसतं लोटून ठेवायचं, आणि कुणी आत आलं की आश्चर्य करायचं, तसलं ते. सोळाव्या खेपेला मात्र आश्चर्यही नव्हतं. आणि सतरावी खेप, तिच्याबद्दल सांगितलं तर खरं मानणारं आता कुणी उरलेलं नाही, म्हणून इथे सांगतो.

दुपार होती, चारच्या सुमाराची. मागच्या खोलीत माझा जुना फळा भिंतीला लावलेला आहे. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी किती शब्द बोललो ते मी मनात आठवत होतो आणि मला एका हाताची बोटंही पुरून उरत होती. बायको बाहेरच्या खोलीत मुलीशी फोनवर बोलत होती. फोनवर तिचा आवाज वेगळा असतो, मोकळा. ती कशालातरी खळखळून हसली. मी फळ्याशी उभा राहिलो, खडू घेतला, वर्तुळाला सुरुवात करावी तसा हात वर नेला आणि तिथून नको तिकडे नेला. तो निघाला. पण नेहमीसारखा नाही. नेहमीपेक्षा खाली घसरला आणि आत एक तार ओढल्यासारखं झालं, बोटांपर्यंत मुंग्या आल्या. मी भिंतीला टेकून खाली बसलो, मग आडवा झालो. "अगं," मी हाक मारली. मोठ्यानं नव्हे. तिचं बोलणं चालूच होतं. मी दुसरी हाक मारली नाही. आपण होऊन यावी, एवढंच मला वाटत होतं. हसणं थांबवून, काहीतरी जाणवून, आपण होऊन. समोरच्या घड्याळात मी वीस मिनिटं बघितली. दुखणं इतकं होतं की तोंडात रुमाल धरला होता, पण हाक मारली नाही. सत्तरीला टेकलेला माणूस, भूमितीचा मास्तर, आणि रुसलेल्या कार्ट्यासारखा जमिनीवर पडून. ती आली ती चहाचं विचारायला आली. मला बघून धावली, "अहो, हाक नाही का मारायची?" आणि त्या दिवशी तिला तीनदा ओढावं लागलं. बसल्यावर तिनं तळवा ठेवला, आणि मला तो लागला नाही. मला वाटलं, मुंग्यांमुळे असेल, जाईल. मी डोळे मिटून तो आहे असं समजून पडून राहिलो.

तर डॉक्टरांचा 'पण' माझा होता, बायकोचा नव्हता. परतताना बसमध्ये जागा रिकाम्या होत्या, ती माझ्या डाव्या बाजूला बसली आणि मधे पर्स ठेवली. तिचे हात पर्सवर होते. दोन थांबे गेल्यावर म्हणाली, "मी फार जोरात ओढायची का हो?" "नाही गं." "सतराव्या वेळी तीनदा ओढलं. माझ्या लक्षात आहे." "त्याचं काही नाही." "तुम्हाला काय माहीत?" मी खिडकीबाहेर बघितलं. सांगायचं तर पूर्ण सांगायला हवं होतं, नुसतं 'मी मुद्दाम काढला' एवढं सांगून भागणार नव्हतं. 'का' म्हणून तिनं विचारलंच असतं. आणि त्या 'का'चं उत्तर बसमध्ये, लोकांत, सत्तराव्या वर्षी, कोणत्या तोंडानं द्यायचं? अकरा वर्षं मी जेवणाच्या टेबलावर मीठ सरकवत आलो आणि आता एकदम हे. घरी गेल्यावर बोलू म्हटलं. घरी गेल्यावर ती थेट अंथरुणांच्या कपाटाशी गेली आणि सगळ्या चादरी काढून पुन्हा घड्या घालत बसली.

सर्जननं चार महिने वाट बघायला सांगितलं होतं. नस जागी झाली तर तो उलटा सांधा बसवणार होता. कागदावर त्यानं चित्रही काढून दिलं. निसर्गानं जिथे वाटी दिली तिथे धातूचा गोळा, आणि जिथे गोळा दिला तिथे वाटी. फाटलेल्या पट्ट्यांची गरजच उरत नाही, सगळा भार खांद्यावरच्या त्या स्नायूवर. केंद्रबिंदू आत सरकतो. मला ते चित्र फार आवडलं, एखादं अवघड प्रमेय उलटं मांडल्यावर सुटावं तसं. पण स्नायूत जीव हवा. म्हणून चार महिने हाताला पट्टा, आणि रोज संध्याकाळी बायको दाराशी येऊन विचारायची, "काही लागतंय?" मी डाव्या बोटानं त्या बटाट्याच्या आत दाबायचो. बोटाला खांदा लागायचा, खांद्याला बोट लागायचं नाही. "थोडंसं," मी एकदा म्हणालो. ती दोन पावलं आत आली. "खरंच?" तिचा चेहरा बघून मला माझीच चीड आली. "नाही," मी म्हणालो. ती गेली. पट्टा मी दातांनी ओढून बांधायला शिकलो. पहिल्या आठवड्यात मी तिला बांधून दे म्हणालो होतो, तेव्हा तिनं हात पुढे केला, पट्ट्याला लावला, आणि तापलेल्या तव्याला लागल्यासारखा मागे घेतला. "नको हो," म्हणाली, "माझ्या हाताला काही कळत नाही. मला वाटायचं कळतं." तीस वर्षं जिनं अंधारात नुसत्या स्पर्शानं सुती आणि मिश्र कापड ओळखलं, ती हे म्हणाली. मी तेव्हाही सांगितलं नाही. रोज सकाळी ठरवायचो, आज. दुपारी वाटायचं, नस जागी झाली की सांगू, तेव्हा हसण्यावारी नेता येईल. सगळं त्या नसेवर सोडून मी मोकळा झालो होतो.

नस जागी झाली नाही. सुया घालून यंत्रावर तपासणी झाली, यंत्रातून नुसती खरखर आली. सर्जन म्हणाला, "उलटा सांधा आता करता येणार नाही. तो चालवायला काही नाहीये आत. आणि असाच ठेवला तर कूस बदलतानासुद्धा निखळेल." मग काय, तर दोन्ही हाडं खरवडून पट्टी आणि स्क्रू घालून एकमेकांना जोडून टाकायची. हाडात हाड. खांदा कायमचा बंद. पाठीचं पातं हलेल तेवढाच हात हलणार. "पण एक आहे काका, पुन्हा निखळणार नाही. ती कटकट संपली." तो हे चांगल्या मनानं म्हणाला. बायकोनं सुटकेचा श्वास टाकला, मी ऐकला तो. "कोन मात्र एकदा ठरला की ठरला. साधारण तीस अंश आम्ही ठेवतो, म्हणजे घास तोंडापर्यंत जातो, खिशात हात जातो. पण तुम्ही घरी बघा काय सोयीचं पडतं ते. उशा लावून हात तसा ठेवून बसा, दोघं मिळून ठरवा." मी मास्तर आहे हे त्याला माहीत होतं, म्हणून जरा हसून म्हणाला, "कोनांचं तुम्हाला मी काय सांगणार."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आम्ही कोन ठरवायला बसलो. बायकोनं चादरी आणल्या. हॉटेलातल्या पद्धतीच्या घड्या, सगळ्या एका मापाच्या, एकीवर एक ठेवली तरी कड बाहेर येत नाही. मी खुर्चीत बसलो आणि तिनं माझा हात आणि बरगड्या यांच्यामधे एक घडी सरकवली, मग दुसरी. चादर टोकाला धरून सरकवत होती, बोटं मला लागणार नाहीत अशी. मी डाव्या हातात फळ्यावरचा लाकडी कोनमापक धरून बसलो होतो. दोन चादरींना वीस अंश, तीनला अठ्ठावीस. "घास घेऊन बघा," ती म्हणाली. मी रिकामा हात तोंडाकडे नेला. "पोचतोय?" "पोचतोय." "आता खिसा. आता दाराची कडी. केस विंचरता येतील?" "केस आहेत कुठे?" ती हसली नाही. चौथी घडी घातली. "हे जास्त होतंय. झोपताना कडेला भिंत लागेल." मी काय बघत होतो ते तिला माहीत नव्हतं. मी हात त्या कोनात धरून मनात मोजत होतो, की ती शेजारी उभी राहिली तर हा हात तिच्या कुठे पोचेल. तीन चादरींना कोपरापर्यंत. चारला कदाचित खांद्यापर्यंत, ती जरा वाकली तर. "चार ठेवू या," मी म्हणालो. "चार कशाला? तीनला सगळं होतंय." "चार ठेव." "अहो, काय करायचंय तुम्हाला चारला?" तिनं विचारलं, आणि खरोखरच विचारलं, माझ्याकडे बघून. खोलीत ऊन आलं होतं. मी तोंड उघडलं. मग म्हणालो, "बरं, तीन." तिनं चादरी उचलल्या.

शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी ठरली. गुरुवारी दुपारी, अंघोळ करून शर्ट घालताना, मागची बाही शोधायला मी जेमतेम हात मागे नेला आणि खांदा निखळला. कसलाही बेत नव्हता. हे कुणीतरी खरं मानावं असं मला फार वाटतं. मी पलंगाची कड धरत धरत खाली बसलो आणि मग फरशीवर आडवा झालो, अर्धा शर्ट अंगात. "अगं!" या वेळी मोठ्यानं. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थबकली. सवयीनं तिची नजर कोपऱ्यातल्या सतरंजीकडे गेली, पायातली चप्पल अर्धी निघाली. मग तिनं ती परत घातली. "मी हात लावणार नाही," म्हणाली. "इस्पितळाची गाडी बोलावते." "अगं, गाडी यायला वेळ लागेल. एकदाच ओढ." "नाही." "फार दुखतंय गं." "मला दिसतंय." बाहेर जाऊन तिनं फोन केला, पत्ता सांगितला, वय सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि परत आली. माझ्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. मी घामानं निथळत होतो. जे चार महिने जमलं नाही ते दुखण्यानं एका क्षणात केलं.

"तुझ्यामुळे नाही गेली नस," मी म्हणालो. "बोलू नका. पडून राहा." "ऐक. सतराव्या वेळी मी मुद्दाम काढला होता. फळ्यापाशी. तू फोनवर होतीस. वीस मिनिटं मी हाक मारली नाही, तेव्हा गेली. तू ओढलंस त्याच्या आधीच गेली होती. सोळाव्या वेळीही मीच काढला होता, आणि चौदाव्या." ती माझ्याकडे बघत राहिली. "मुद्दाम?" "हो." "का म्हणून?" "तू यावंस म्हणून. तू हात लावावास म्हणून. एवढ्याचसाठी." बोललो एकदाचं. अकरा वर्षांचं सगळं त्या तीन वाक्यांत मावलं आणि मला वाटलं, आता ती रागावेल, ओरडेल, काय वाटेल ते बोलेल, आणि मग सुटेल. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं मान हलवली, हळूहळू, मुलीला ताप असताना हलवायची तशी. "असं नका हो बोलू," ती म्हणाली. "मला माहीत आहे तुम्ही का बोलताय. मला बरं वाटावं म्हणून. आणि मी आत्ता ओढावं म्हणून." "अगं, देवाशपथ खरं." "असं कुणी करतं का? एवढं दुखणं कुणी मुद्दाम ओढवून घेतं का? खुळ्यासारखं काहीतरी." "मी घेतलं." "पुरे आता." तिचे हात माझ्याकडे निघाले होते, मी बघितलं, बोटं अर्धी उघडलेली. तिलाही ते दिसलं असावं. तिनं दोन्ही तळवे मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसली. तशीच, पुढेमागे डुलत.

माझ्याजवळ आणखी पुरावा नव्हता, आणि होता तो नुसता हा माझा बधिर खांदा. मी कितीही वेळा खरं सांगितलं तरी ते आता लाडीगोडीच ठरणार होतं. वीस मिनिटं झाली असतील, घड्याळ मला तिथून दिसत नव्हतं. सोमवारी हाडात हाड जोडलं जाईल आणि तीन चादरींच्या कोनात हात कायमचा उभा राहील. मी डोळे मिटले. अंग सोडायचा प्रयत्न केला, ती सांगायची तसं, धरून ठेवू नका. थोड्या वेळानं मला वाटलं की खांद्यावर, बाहेरच्या बाजूला, अगदी हलका तळवा टेकला. खरबरीत, कोमट. तो तिथे असला तरी मला कळणार नव्हता, हे मला माहीत होतं. डोळे उघडून बघता आलं असतं. मी बघितलं नाही.

"हो," मी म्हणालो.

"काय म्हणालात?" तिनं विचारलं. आवाज बाहेरच्या दारातून आला. ती गाडी आली का ते बघायला केव्हाच उठून गेली होती.